नानाजीचं एक मत

तुमाले सांगतो राजेहो, लोकल बोर्डाच्या निवडणुकीत आमच्या रिठदचे नानाजी एका मतानं पडले, तवा मायं डोकंच फिरलं. वांग्याचा बाजार बुडवून मत देल्लं होतं मी!

दुसऱ्या दिवशी पारावर एकेकाले धरलं. "खरं सांग, मत कोनाले देल्लं?"

सारेच म्हनत, "नानाजीले!"

"मंग फितूर कोन?" मी ओरडलो.

नानाजी हळूच म्हनाले, "मी. मी समोरच्या उमेदवाराले देल्लं."

"काहून?"

"आता सोतालेच मत देनं बरं दिसते काय? पंगतीत कोनी पयले सोताच्याच पानात वाढून घेते काय?"

पुढच्या निवडणुकीत मतदानाच्या दिवशी मी नानाजीले बाजारात वांग्यापाशी बसवलं अन् बजावलं, "मत द्याले येऊ नका, तवाच निवडून येसान!"