नळीतली हवा

हवा आधी गेली की माणूस आधी पडला? – नाही, तुम्हाला नाही विचारत, काका. बसा. त्या डब्यावर नको, ग्रीस लागेल, स्टुलावर बसा. आठ महिने मी हे ज्याला-त्याला विचारतोय, तोंडाला सवय लागलीय. दादा गेला ना माझा – थोरला भाऊ, दुकान त्याचंच हे – तो उतारावर पडला तेव्हापासून. पंचनामा करणाऱ्या पोलिसाला विचारलं, त्यानं ‘सायकल मोडलेली’ एवढं लिहिलं आणि इथे सही कर म्हणाला. डॉक्टरांना विचारलं – आता डॉक्टरांना काय विचारायचं ते, पण विचारलं – ते म्हणाले, मार डोक्याला आहे, सायकलचं आम्हाला काय माहीत. दादाबरोबर दोघं होते, त्यांना विचारलं. म्हणाले, वळणावर पुढचा फोर्क – चाक धरणारा तो हवेचा दांडा – बसला आणि हा हँडलवरून गेला. बसला म्हणजे? हवा नव्हती म्हणून बसला, की दगडावर आदळला म्हणून? एकजण म्हणाला, आता काय उपयोग त्याचा. बरोबर आहे. उपयोग काही नाही.

तर तुमचा फोर्क. तुमचा म्हणजे मुलीचा. नाही झाला. काल म्हणालो होतो सकाळी देतो, पण नाही झाला – आणि नुसती हवा भरून देणार नाही मी, ते आधीच सांगतो. ऐकून तर घ्या. उद्या तिला डोंगरात जायचंय, कळलं, काल तीनदा सांगितलंत. आणि चौथ्यांदा काय म्हणालात आठवतंय? म्हणालात, पोरीला वेड लागलंय, रोज सकाळी पंप लावून बसते, पंप लावला की थोडी हवा नळीत जाणारच, म्हणून काटा कमी दाखवतो, बाकी काही नाही. कुठेतरी वाचलंत म्हणालात. खरं आहे ते. शंभर टक्के खरं. पंपाची नळी रिकामी असते, फोर्कला जोडली की फोर्कमधली हवा आधी ती नळी भरते, मग काट्याला कळतं. आणि पंप काढताना फुस्स होतं ना, ती नळीतलीच, फोर्कमधली नाही. अर्धे लोक ते फुस्स ऐकून घाबरतात. मीसुद्धा हेच सांगायचो सगळ्यांना. ऐटीत सांगायचो. सातवीत शाळा सोडली मी, लोकांना सांगण्यासारखं माझ्याकडे तेवढं एकच होतं.

हा कागद बघा. तिनं सीटखाली खोचून ठेवला होता, तुम्ही पाहिलाच नसेल. रोज सकाळी पंपाच्या काट्यावर साठ भरते आणि दुसऱ्या सकाळी किती दिसली ते लिहिते. अक्षर बघा, मोत्याचं. चोपन्न. त्रेपन्न. एक्कावन्न. सत्तेचाळीस. म्हणजे कमी किती झाली? सहा, सात, नऊ, तेरा. आता मला सांगा काका, नळी रोज तेवढीच असते ना? नळी काही जेवून जाड होत नाही. नळीचं असतं तर रोज सहाच्या आसपास राहिलं असतं. हे वाढतंय. मुलगी तुमची हुशार आहे, वेडी नाही – आणि तुम्ही तिला हसलात. हसलातच, काल इथे माझ्यासमोर हसलात. असू दे. मी कोण बोलणारा.

मी काय केलं, काल साठ भरली, पंप काढला आणि लगेच परत लावला. पंचावन्न. म्हणजे नळीचे पाच. दोन मिनिटांचं काम आहे. परत साठ केली आणि ठेवून दिला. सकाळी एकेचाळीस. पाच नळीचे, बाकीचे चौदा कुठे गेले? व्हॉल्व्हवर साबणाचं पाणी लावलं, एक बुडबुडा नाही. बाहेर येतच नाही ती. आत एक दट्ट्या असतो, त्याला रबरी सील, वरची हवा वर अडवून धरायला. ते सील गेलं की हवा खाली उतरते, आतल्या आत, एका खोलीतून दुसऱ्या खोलीत. बाहेरून फोर्क नवा कोरा दिसतो. पुसून ठेवला तर आरशासारखा. आणि उतारावर, ब्रेक दाबला की सगळं वजन पुढे येतं – तेव्हा समजतं.

दादाला सत्तर लागायची. माणसाच्या वजनावर असतं ते. लग्न झालं आणि बहात्तर झाली. वहिनीला मी म्हणायचो, वहिनी, तुझ्या हातच्या जेवणानं काटा दोननं वाढला बघ. ती लाटणं दाखवायची. आता तिच्यासमोर बहात्तर हा आकडासुद्धा काढत नाही मी. परवा कुणी तरी वय सांगितलं, आमचे वडील बहात्तरचे, म्हणून – ती उठून आत गेली.

त्याच्या फोर्कचं सील मी बदललं होतं. तो पडायच्या आठ दिवस आधी. दादाचा एक नियम होता, जुनं सील बोटानं काढायचं, नखानं, पोलाद लावायचं नाही. नाही निघालं तर चहा पिऊन ये, परत बस, पण पोलाद नाही. कारण सील ज्या खाचेत बसतं तिथे केसाएवढा ओरखडा गेला तरी हवेला वाट मिळते. मला कुठला दम. दादा बाहेर गेला होता, सील निघेना, मी स्क्रूड्रायव्हर घातला. टचकन निघालं. ओरखडा गेला की नाही – पाहिलाच नाही मी, काका. पाहिला असता तर दिसला असता म्हणून पाहिला नाही. ग्रीस चोपडलं, नवीन सील चढवलं, बंद केलं. तिसऱ्या दिवसापासून दादा म्हणायला लागला, छोट्या, हवा कमी होतेय रे. मी म्हटलं, रोज पंप लावतोस म्हणून होतेय, नळीत जाते ती, लावणं बंद कर. तो म्हणाला, तसं असेल. तसं असेल, म्हणाला. दुकान त्याचं, मला पाना धरायला शिकवला त्यानं, आणि माझ्यावर विश्वास ठेवला. कागदबिगद नव्हता त्याच्याकडे. असता तर निदान –

त्याला हात नका लावू. तो खिळ्याला टांगलेला फोर्क – हो, दादाचाच. सायकल टेम्पोतून आली तेव्हा फोर्क पुरता खाली बसलेला, उंट गुडघे टेकून बसतो तसा. टोपण नव्हतं, व्हॉल्व्ह दगडानं ठेचलेला. म्हणजे पडताना व्हॉल्व्ह फुटून हवा गेली असेल. असू शकतं ना तसं? मी तेच म्हणतो. आई म्हणते, तसंच झालं असणार बाळा, जेव आता. दादा दोन दिवस होता दवाखान्यात, तिसऱ्या दिवशी सगळं आटोपून आलो आणि मी तो फोर्क काढला, व्हॉल्व्ह नवा बसवला, बहात्तर भरली आणि वर टांगला. तेव्हापासून तिथेच आहे. आत्ता उतरवून नुसता दाबला तरी समजेल मला. चांगलं सील एवढ्या दिवसांत थोडीफार सोडतं, सगळी सोडत नाही. ताठ असला तर सील चांगलं होतं. खाली बसला तर – नाही दाबत मी. वहिनी म्हणते, पंप तरी लावून बघ. तिला काय सांगतो माहितीय? सांगतो, पंप लावला की थोडी नळीत जाते गं, उगाच कमी होईल. 

तुमच्या मुलीचं सील चार दिवसांनी येईल. तोवर सायकल इथेच. रागावेल, रागावू दे. रडली तर रडू दे. तिला माझं नाव सांगा, दुकानवाल्यानं दिली नाही म्हणा, चक्रम आहे म्हणा. आणि एक सांगा, तिचा हिशोब बरोबर होता. ते मात्र विसरू नका. माझ्यासाठी सांगा हवं तर.

काय? – मी काहीच केलं नाही का, विचारताय? तो पडला त्या दिवशी? केलं की. तेवढं सांगतो आणि मग तुम्ही निघा, मला एका चाकाच्या तारा ओढायच्यात. सकाळी निघताना दादा सायकल धरून या दारात उभा होता. हेल्मेटचा पट्टा लोंबत होता. म्हणाला, छोट्या, एकदा हवा बघून दे रे, माझे हात धुतलेत. आदल्या दिवशी गिऱ्हाइकासमोर बोलला होता मला, घाई करतोस म्हणून, ते डोक्यात होतंच. उठलो. खाली बसलो त्याच्या चाकापाशी. पंप इथे, या खिळ्याला – बसल्याजागी हात पुरतो, बघा, पुरतो. टोपण काढलं. पंपाकडे पाहिलंसुद्धा. आणि टोपण परत लावलं. नीट लावलं हं, आटे धरून, घट्ट. बहात्तर आहे, म्हटलं. जा.