पेठेत राहिलेला फोटो

आगं, साताऱ्याची पेठ मी बघितली, पर नुसतं बूट बघितलं! लढाई चालू हुती. आमचं मालक पलटणीतनं रजेवर आलेलं. दोघांचा फोटो काढायला मला पेठेत नेलं. ते फुडं, मी नाकापतूर पदर वढून मागं. त्यांचं बूट बघत पार टोकाला गेले, तवा बूट थांबलं.

"आवं बाई, कुणाच्या मागं आलासा?"

माणूसच दुसरा! मालकांनी हुडकून काढलं, तवर दिवस कलला हुता. फोटोवाला म्हणाला, "उजेड गेला. उद्या या."

सकाळीच मालकांची गाडी हुती. हसून म्हणालं, "फुडच्या रजेला काढू."

लढाईतनं ते परत आलंच न्हाईत. पोरगं तवा पोटात हुतं. आता इचारतं, "आबा कसं दिसायचं?"

"आरशात बघ," म्हणते. दुसरं काय दाखवू?