जाळीवर बांधलेली फुलं

आमचं मूळ बोदवडचं. बाप पत्र्याचं काम करायचा, चिमन्या, गाळन्या, पान्याचे डबे, आन त्याच्या हाताखाली मी आन माझा धाकटा भाऊ दगडू, आम्ही दोघं डाग द्यायले शिकलो, म्हंजे कथील वितळवून फट बुजवायची, ते. माझं लग्न झालं अन् चार वर्सांत नवरा तापानं गेला, लेकरू नही, सासरच्यांनी पिशवी हातात दिली. मग दगडूच म्हने अक्का, चाल माझ्यासंग धुळ्याले. त्यानं आग्रा रोडले रेडेटरचं दुकान टाकलं व्हतं. बाईमानसानं ग्यारेजात बसावं का म्हनून लोकं हसायचे, हसा म्हटलं, मी बसले. रेडेटर म्हंजे गाडीच्या तोंडाशी इंजिनाचं पानी गार करनारी जाळी, तिच्यात कापूस बसतो, किडे बसतात, पात्या वाकतात, त्या मी डोक्याच्या फनीनं सरळ करायची. काय सांगू तुमले ताई, जाळीतून वारा कसा जातो ते मले डोळ्यानं नही, हातानं कळतं.

कपाळ मात्र धुळ्यात येऊनबी तेच. गल्लीत कोनाची हळद लागली की मी आपली मागच्या दारी भांडे घासत. कोनी वाईट बोलत नव्हतं, खोटं कशाले बोलू, नुसतं बोलवत नव्हतं. बारा वर्सं असं चाललं, मग सवय होते.

तर नव्वदच्या नंतरची गोष्ट. कापसाचा एक शेट व्हता, त्याच्या पोराले, प्रकाशले, गाडीची भारी हौस. घरची जुनी पांढरी गाडी, तिच्यात त्यानं मुंबईच्या भंगारातून आनलेलं जपानी इंजिन बसवायचं काढलं, टर्बोचं. टर्बो म्हंजे असं, की तो हवा दाबून दाबून इंजिनात कोंबतो. आन हवा दाबली की तापते, सायकलीत हवा भरताना पंप खाली कसा चटका देतो, तसं. म्हनून ती हवा गार करायले एक वेगळी जाळी असते, तिले इंटरकूलर म्हनतात, आम्ही नुसतं कूलर म्हनायचो. भंगारातून आनला तेव्हा तो इंजिनाच्या डोक्यावर व्हता. दगडू म्हने इथं तर चुलीवरच बसला हा, गार काय होईल, मी याले पुढे घेतो, रेडेटरच्या म्होरं, तिथं गाडी पळाली की वारा सरळ लागतो.

मी म्हटलं दगड्या, थांब. म्होरच्यानं वारा खाल्ला की मागच्या रेडेटरले काय राहील, पहिल्या पंगतीचं उष्टं? कूलर पुढे जोडून इंजिन चालू करायले लावलं, दोन्ही जाळ्यांच्या मधी हात घातला, त्याचाबी हात धरून घातला. झळ व्हती. म्हटलं पाह्य, ही झळ रेडेटर पिनार, तापनार तुझी गाडी. तो हसला, पन ऐकलं बरं का त्यानं. दोघांच्या मधी चार बोटं जागा सोडली, भोवती पत्र्याची चौकट केली का वारा बाजूनं पळू नये, पंखा मोठा लावला. जानेवारीत ललिंगचा घाट चढवून आनली गाडी, गरमीचा काटा हलला नही. मी म्हटलं थंडीत तर कोनाचीबी चढंल, मे महिन्यात दाखव. तो म्हने तुझ्या जिभेले हाड नही अक्का.

आन मे महिन्यातच प्रकाशचं लग्न निघालं. नवरी पहूरची. नवरदेवाची गाडी हीच, आन चालवनार दगडू, दुसऱ्या कोनाच्या हातात द्यायची नही म्हने. त्या दिवशी सकाळी मी शेटच्या फाटकाबाहेर उभी व्हते, तर प्रकाशची आई स्वतः आली. म्हने दगडूभाऊची बहीन ना व तू? तुना हात बारीक कामना शे, गाडीले फुलं तूच बांध. मी मागं वळून पाह्यलं, दुसऱ्या कोनाले म्हनते का काय. नही, मलेच म्हनत व्हती. तिनं परडी माझ्या हातात दिली, झेंडूची, मोगऱ्याची. थर्माकोलचा हा एवढा बदाम व्हता, त्यावर नवरानवरीचं नाव. मी तो गाडीच्या तोंडावर, जाळीच्या मधोमध बांधला आन या दिव्यापासून त्या दिव्यापर्यंत माळा ओवल्या, एकीले एक लावून, बोट जाईल एवढीबी जागा ठेवली नही. मले कळत नव्हतं का? त्याच जाळ्यांत फनी घालनारी मी! पन त्या घडीले मी रेडेटरवाली नव्हतेच वो ताई, मी लग्नातली बाई व्हते.

दगडू आला, गाडीपुढे उभा राह्यला. फुलं पाह्यली, मग माझ्याकडे पाह्यलं. म्हने मस्त बांधलं अक्का. आन जाऊन बसला गाडीत.

आम्ही बाया मागच्या बसमधी. ऊन म्हंजे कसं, खिडकीची दांडी धरवत नव्हती. जळगाव गेलं, नेरी गेलं, आन म्होरं रस्त्याच्या कडेले गाडी उभी, मानसं गोळा झालेली. मी उतरून पळाले. माझा दगडू खाली बसलेला, तोंडावर ओला टॉवेल. गाडी तापली, धूर निघाला, वऱ्हाडी म्हने मुहूर्त चालला, लवकर कर, आन त्यानं गरम रेडेटरचं झाकन खोललं. ज्या मानसानं जनम सगळा डायवर लोकांले सांगितलं का बाबांनो गरम झाकनाले हात लावू नका, त्यानं! उकळतं पानी सगळं तोंडावर उडालं. माझी फुलं रस्त्याच्या पार पलीकडे नाल्यात पडलेली, बदाम मोडलेला. मले वाटलं वऱ्हाड्यांनी रागात फेकलं.

एक म्हातारी विचारायले लागली, गाडी सजाडी कोनी व्हती? तर दगडू टॉवेलाखालूनच एवढ्या मोठ्यानं ओरडला, म्हने कूलर मी चुकीच्या जागी बसवला, चूक माझी, दुसऱ्या कोनाची नही. तीनदा बोलला ते.

नवरदेव दुसऱ्या एका जीपमधी गेला, लग्न लागलं. दगडूले आम्ही जळगावच्या सरकारी दवाखान्यात नेलं. एक डोळा गेलाच, दुसऱ्यात उजेड अंधार तेवढा कळतो. त्याच्यानंतर इंजिनाचं काम कोनी दिलं नही. आग्रा रोडले चहाच्या टपरीवर म्हनायचे, दगडू मिस्तरीनं कूलर पुढे बसवला अन् डोळे घालवून बसला. आन मी? मीबी तेच म्हनायची. भाकर वाढता वाढता म्हनायची, मी सांगितलं नव्हतं का, तुले हात धरून झळ दाखवली नव्हती का? पाच-सहा वर्सं टोचलं मी त्याले. तो खाली मान घालून जेवायचा.

मग नव्या तऱ्हेचे, टर्बोवाले मोठे ट्रक यायले लागले. एक इंदूरचा डायवर आला, रेडेटर गळतो म्हने. मी म्होरं गेले, पाहते तर काय, कूलर पुढे, रेडेटर मागे, मधी चार बोटं जागा, भोवती पत्र्याची चौकट. जशीच्या तशी. मी म्हटलं दादा, हे तापत नही का? तो म्हने माय, मे महिन्यात भरून घाट चढवतो, काटा हलत नही. फक्त पुढे काही टांगायचं नही, कंपनीवाल्यांनी दटावून सांगितलं, तोंड झाकलं का मेली गाडी. त्यानं लिंबूमिरचीबी बाजूच्या आरशाले बांधली व्हती. मले माझ्या माळा आठवल्या, तशीच दगडूकडे गेले.

दगडू हौदापाशी व्हता. आता तो तेच काम करतो, रेडेटर पान्यात बुडवायचा, हवा भरायची, आन बुडबुडा कुठून निघतो ते कानानं ऐकायचं. मी म्हटलं दगडू, त्या दिवशी फुलं कोनी फेकली? त्याचा हात पान्यातच राह्यला. मग म्हने मीच. आधी फुलं फेकली, मग झाकन खोललं. म्हटलं काहून रे? तर म्हने मागून बस येत व्हती. लोकांनी तिथं फुलं पाह्यली असती तर कोनी रेडेटरचं नाव घेतलं असतं का? विधवेचा हात लागला म्हनले असते, जनमभर. म्हटलं मग सकाळीच काहून नही तोडली रे बाबा, तुले तर दिसत व्हतं! तो म्हने तुझं तोंड पाह्यलं ना अक्का. बारा वर्सांत असं कधी पाह्यलं नव्हतं. वाटलं पोचेल गाडी कशीतरी.

मी रडले तर किती रडले. तो म्हने रडू नको, हवा भर, मले ऐकू दे.

आता काय, तो ऐकतो आन मी फनी घालते, दोघं भाऊबहीन म्हातारे होत चाललो. देव तुमचं भलं करो ताई, तुम्ही एवढं ऐकून घेतलं. लिहायचंच असलं तर बाकी काही लिहू नका, माझं नावबी नको. आग्रा रोडवर आजूनबी लोकं म्हनतात तेवढं खोडून लिहा. दगडू मिस्तरीनं कूलर बरोबर जागी बसवला व्हता.