कुंपणापलीकडे गेलेली वायर

चार्जिंगच्या रांगेत माझ्यापुढच्या गाडीच्या काचा खाली होत्या. ऊन मी म्हणत होतं. बायकोला कामावरून घेऊन आलेला नवरा तणतणत होता.

"काल छतावरच्या सोलरवर गाडी फुल केली होती. आज उठून बघतो तर कोणीतरी तिला वायर जोडलेली! थेट शेजारच्या कुंपणापलीकडे! बॅटरी पार अर्ध्यावर!"

"मग?"

"मग काय, उपटली आणि दिली फेकून त्यांच्या अंगणात. फुकटे लेकाचे!"

"अरे, मी जोडून दिली होती ती!"

"तू?"

"गल्लीतली लाइट गेली होती. शेजारच्या काकूंचं ऑक्सिजनचं मशीन चालू होतं आपल्या गाडीच्या बॅटरीवर. मेसेज टाकला होता तुला."

"मी... रात्रपाळी करून झोपलो होतो गं."

"मला वाटलं लाइट आली, म्हणून तू गाडी घेऊन आलास. बघत काय बसलायस? फोन लाव!"

"माझ्याशी बोलतील का त्या? तूच लाव."

तिनं लावला आणि स्पीकरवर टाकला. बराच वेळ नुसती रिंग वाजत राहिली.

"हॅलो," दमलेला आवाज आला.

"काकू! बऱ्या आहात ना?"

"आहे गं. मशीन एकदम बंद पडलं, तेव्हा घाबरले. मग सरपटत जाऊन छोटा सिलिंडर लावला."

"किती वेळ पुरेल?"

"बघू. तो आहे का जवळ?"

"आहे. ऐकतोय."

"तुला न विचारता गाडी वापरली रे बाळा. रागावला नाहीस ना?"

पुढचा नंबर त्याचाच होता. त्यानं गाडी रांगेबाहेर काढली आणि घराकडे वळवली.