अस्पष्ट, सबब अग्राह्य

(पायी यात्रेच्या शेवटच्या मुक्कामावरची कचेरी. खिडकीआड यात्रा पुरी केल्याचे दाखले देणाऱ्या बाई. खिडकीसमोर दोन साडू. दोघांच्याही पायांत चपला आणि गळ्यात नाड्यांनी लटकवलेले बूट.)

थोरले साडू : ...म्हणून सांगतो बाई, राज्यं बुडतात, राजे मरतात, पण शिक्का मरत नाही! शिक्का म्हणजे प्रत्यक्ष सत्याने कागदावर टाकलेलं पाऊल!

बाई : असेल. पण कोपर उचला, शाईच्या पॅडवर टेकलंय.

थोरले साडू : अरेच्चा.

धाकटे साडू : दादा, सदरा जांभळा झाला की हो. थांबा, रुमाल देतो.

थोरले साडू : नको. रुमाल माझ्याकडेही आहे. तर बाई, हे माझे साडू. माझ्या मेहुणीचे यजमान. माणूस वाईट नाही.

धाकटे साडू : आभारी आहे.

थोरले साडू : परंतु यांची पुस्तिका बारकाईने तपासावी, अशी माझी तोंडी तक्रार आहे. लेखी हवी असेल तर तीही तयार आहे. खिशात.

बाई : तुम्ही दोघं बरोबरच आलात ना?

धाकटे साडू : पहिल्या पावलापासून. एकाच खोलीत झोपलो. दादा घोरतात, पण तालात.

थोरले साडू : हा मुद्दा प्रस्तुत नाही.

बाई : आणा पुस्तिका. नियम ठाऊक आहे ना? पुस्तिकेत रोजचे दोन शिक्के. सकाळी एका गावचा, संध्याकाळी दुसऱ्या गावचा. म्हणजे माणूस चालत आला, गाडीतून फिरत नाही आला, हे आम्हाला कळतं.

थोरले साडू : नियम? मला? बाई, मी जन्म नक्कल विभागात काढला. ‘अस्सल बरहुकूम नक्कल’ असा शिक्का मारायचा आणि खाली माझी सही. माझ्या सहीवाचून आमच्या गावात माणूस जन्मल्याचं सिद्ध होत नव्हतं.

धाकटे साडू : आमचा मुलगा दोनदा नाही झाला सिद्ध.

थोरले साडू : वडिलांची सही चौकटीबाहेर गेली होती.

बाई : धाकट्यांची आधी बघते. हं... धर्मशाळा... केशकर्तनालय... टायर पंक्चर... आणि हा?

थोरले साडू : वाचा, मोठ्याने वाचा! गुरांचा दवाखाना! यात्रेकरू आहेत की बैल?

धाकटे साडू : पाय सुजला होता हो. वाटेत दुसरा दवाखानाच नव्हता. डॉक्टरांनी पट्टी बांधली, वर म्हणाले, पेशंट पहिल्यांदाच ‘थँक्यू’ म्हणाला. मग म्हटलं, तुमच्याकडे शिक्का असेलच.

थोरले साडू : हे असं असतं बाई. यांना सगळीकडे सगळं मिळतं. न्हाव्याने यांची दाढी केली, गप्पा मारल्या, शिक्का दिला, आणि पैसे घेईना. मी लगेच त्याच खुर्चीत बसलो. माझे पैसे घेतले आणि कानाला वस्तरा लावला.

धाकटे साडू : तुम्ही त्याला वस्तरा कसा धरायचा ते सांगत होता.

थोरले साडू : तो तिरका धरत होता!

बाई : वाटेवर राहणारा, ज्याच्याकडे स्वतःचा शिक्का आहे, असा कोणीही चालतो. न्हावी चालतो, गुरांचा डॉक्टर पळतो. दाखला मंजूर.

थोरले साडू : मंजूर? इतक्यात? अहो, हा पंक्चरवाल्याचा शिक्का उलटा आहे.

बाई : उलटा असला तरी शिक्काच.

थोरले साडू : यावर चहा सांडलाय!

बाई : चहाबद्दल नियम नाही. एवढं का पेटलाय तुम्ही? मोक्षाची जागा एकच आहे का?

थोरले साडू : मोक्षाचं ठाऊक नाही. खिळा एकच आहे.

बाई : खिळा?

थोरले साडू : आमच्या सासरेबुवांनी हीच यात्रा तरुणपणी केली. त्यांचा दाखला दिवाणखान्यात टांगलाय. शेजारी एक मोकळा खिळा. आम्ही निघताना म्हणाले, जावयाने दाखला आणला की तिथे लावू. जावयाने. एकवचन. आणि बोलताना बघत होते यांच्याकडे.

धाकटे साडू : मी त्यांच्या समोर बसलो होतो दादा. तुम्ही मागे चपला सरळ लावत होता.

थोरले साडू : बाई, त्या भिंतीवर यांच्या लग्नाचा फोटो आहे. यांनी दिलेलं घड्याळ आहे. यांनी पकडलेल्या माशाचा फोटो आहे. माशाचा! माझं काय आहे?

धाकटे साडू : असं काय करता? तुम्ही दिलेलं कॅलेंडर आहे की.

थोरले साडू : कॅलेंडर दर वर्षी उतरवतात.

बाई : ... द्या तुमची पुस्तिका. वा, अक्षर सुरेख आहे. कव्हर घातलंय. पण हे काय? शिक्क्यांवर या तांबड्या रेघा कुणी मारल्या?

थोरले साडू : त्या... ती कार्यपद्धती आहे.

बाई : ‘अस्पष्ट, सबब अग्राह्य.’ खाली सही. ही सही कुणाची?

थोरले साडू : सक्षम अधिकाऱ्याची.

धाकटे साडू : दादा, ही तर तुमची सही. रात्री कंदिलापाशी बसून हे करत होता तुम्ही? मला वाटलं, वहिनींना पत्र लिहिताय.

बाई : स्वतःच्याच पुस्तिकेतले शिक्के स्वतः रद्द केले?

थोरले साडू : दुसऱ्याच्या पुस्तिकेत मला अधिकार नाही. मनात आलं होतं एकदा. पण नाही. अहो, त्या खानावळवाल्याने हात हलवला! दोन कडा उमटल्या. हा बेकरीचा बघा, निम्मी अक्षरं पिठात गेलीत. असली नक्कल आमच्या टेबलावरून पुढे गेली नसती.

बाई : तुमच्या टेबलाचं ठाऊक नाही. माझ्या टेबलावर फिकट चालतं, पुसट चालतं, फक्त खोडलेलं चालत नाही. रेघ मारलेले सोडले तर तुमच्या बहुतेक दिवसांना एकेकच शिक्का उरतो.

थोरले साडू : म्हणजे?

बाई : म्हणजे दाखला नाही.

धाकटे साडू : अहो बाई, असं कसं? चाललेत ते! फोडावर फोड आले तरी चाललेत. चढाला मी बसलो, हे नाही बसले.

थोरले साडू : तुम्ही मध्ये पडू नका. बाईंचं बरोबर आहे. खिडकीच्या त्या बाजूला मी असतो तर हेच म्हणालो असतो. फक्त जरा मोठ्याने.

बाई : एक वाट आहे. बरोबर चाललेल्या, आणि ज्याचा दाखला मंजूर झालाय अशा यात्रेकरूने प्रत्येक खोडलेल्या शिक्क्यापुढे लिहायचं, ‘माझ्यासमोर उमटवला’, आणि सही करायची. मग मी ते ग्राह्य धरते.

थोरले साडू : असा यात्रेकरू... कोणीही चालेल? बाहेर बाकावर दोघे-तिघे दिसतात.

बाई : बरोबर चाललेला.

थोरले साडू : म्हणजे हेच.

धाकटे साडू : आणा इकडे. पेन द्या.

थोरले साडू : अहो, आधी वाचा तरी! आत्ताच मी तुमच्याविरुद्ध तक्रार केली.

धाकटे साडू : तोंडीच केली ना? लेखी खिशात आहे अजून. हं, हा खानावळीचा. वाढता वाढता आला होता बिचारा, डाव्या हाताने मारला. हा धर्मशाळेचा. आणि हा बेकरीचा. तुम्ही फार मागे पडला होता त्या दिवशी. मी थांबलो होतो.

थोरले साडू : थांबला होता? मला वाटलं, त्या बेकरीवाल्या बाईंशी गप्पा मारत होता.

धाकटे साडू : गप्पा मारत थांबलो होतो. नुसतं थांबून कंटाळा येतो हो. तिला म्हटलं, शिक्का आत ठेवू नका, मागून आमचे दादा येताहेत.

थोरले साडू : ... आमचे?

धाकटे साडू : मग काय, पंक्चरवाल्याचे? झालं. घ्या बाई.

थोरले साडू : बघू. बघितलंत बाई? एकूण एक सही चौकटीत. ही कला मुलाच्या दाखल्याच्या वेळी कुठे गेली होती?

बाई : दोन्ही मंजूर. दाखल्यांवर नावं घालते, तोवर भांडा.

थोरले साडू : भांडायचं काय त्यात? आता दाखले दोन आणि खिळा एक. ज्येष्ठतेचा विचार केला तर...

धाकटे साडू : दादा, माझं हार्डवेअरचं दुकान आहे.

थोरले साडू : ठाऊक आहे. त्याचा इथे काय संबंध?

धाकटे साडू : खिळे आम्हीच विकतो.

थोरले साडू : ... हे आधी नाही बोललात!

धाकटे साडू : तुम्ही खिळ्याचं कुठे बोललात? तीन तीन गावं गप्प चालायचात. मला वाटलं, बूट चावतोय.

थोरले साडू : म्हणजे आता दाखला माझा, पण टांगलेला तुमच्या खिळ्यावर. आल्यागेल्याला सासरेबुवा खिळाच दाखवणार.

धाकटे साडू : मग विकत घ्या. रीतसर पावती देतो.

थोरले साडू : शिक्क्यानिशी?

धाकटे साडू : शिक्क्यानिशी. खिळा तुम्हीच ठोका. मी स्टूल धरतो.

बाई : हे घ्या. थोरल्यांचा, आणि हा धाकट्यांचा. जपून, शाई ओली आहे.

थोरले साडू : आभारी आहे. सुरेख आहे. फक्त... यांच्या दाखल्यावरचा शिक्का कसा ठसठशीत आलाय. आणि माझ्या शिक्क्याची डावी कड...

बाई : काय झालंय डाव्या कडेला?

थोरले साडू : काही नाही. काही नाही. साडूभाऊ, एक काम कराल?

धाकटे साडू : बोला की.

थोरले साडू : हे तांबडं पेन घरी पोचेपर्यंत तुमच्या खिशात ठेवा.