कोंबड्यांचा मका

डोळ्यांत थेंब घालून नर्सने डोळे मिटून बसायला सांगितलं होतं, म्हणून शिंपीणबाईंना शेजारच्या बाकावरचं नुसतं ऐकू येत होतं. तीच नर्स आता एका आजीशी बोलत होती.

"उशीर केलात, आजी. नातीची गेलेली नजर आता परत यायची नाही. पिवळ्या मक्याचं बियाणं दिलं होतं ना आम्ही? त्यात डोळ्यांचं जीवनसत्त्व आहे, हेही सांगितलं होतं."

"सांगितलं होतं हो. पेरला, झकास पिकला. पण पिवळा मका आम्ही कोंबड्यांना घालतो. पोरीच्या ताटात कोंबडीचं खाणं कसं वाढू?"

"सगळा कोंबड्यांना?"

"सगळा. हीच टाकायची, ओंजळी भरभरून. अंड्यांतला बलक असा केशरी व्हायचा, की बघत राहावं!"

"ती अंडी तरी हिला द्यायचीत."

"अंडी हिच्या भावाला, बाई. वाढीचा मुलगा तो."

मग एक बारीक आवाज आला.

"आजी, आता दाणे कोण टाकतं गं?"

"मीच टाकते, बाळा."

"लंगडीला बाकीच्या खाऊ देत नाहीत. तिच्यापुढे वेगळे टाकत जा हं."