अर्ध्या सेकंदासाठी

...नाही, पण मला एक सांगा, चांगल्या चालत्या गाडीची मागची सीट कोण काढतं हो? फाटलेली नाही, उसवलेली नाही, उंदरानं कुरतडलेली नाही... धडधाकट सीट! आणि हा बद्रीनाथ भरदुपारी पुंडलिकनगरच्या गल्लीत, बनियनवर, हातात पाना घेऊन ती ओढून काढतोय आणि गच्चीवर नेऊन ठेवतोय! समोरचे विचारतात, "काय बद्रीभाऊ, ढेकूण झाले का?" तर म्हणतो, "नाही. वजन!" वजन! आणि कशासाठी? अर्ध्या सेकंदासाठी!

हसताय ना? हसा. तुम्हाला सांगतो, यात हसण्यासारखं अर्धंच आहे. उरलेलं अर्धं आठवलं की मी अजून गाडीत पट्टा दोनदा ओढून बघतो.

माणूस कसा, ते आधी सांगतो. बद्रीनाथ वाळूजला एका कंपनीत क्वालिटीला. इतका सरळ, इतका सरळ, की रिकाम्या गल्लीत वळताना कुत्र्याला कळावं म्हणून इंडिकेटर देतो! गाडी म्हणाल तर पांढरी, डिक्कीवाली, घरातली एकुलती एक. सकाळी मंजुषाला, म्हणजे बायकोला, हर्सूल नाक्यावर सोडायचं, ती पुढं जीपनं फुलंब्रीकडच्या झेडपीच्या शाळेवर जाणार, हा वाळूजला जाणार, येताना मेथीची जुडी, दळण, झालंच तर गॅसचं सिलिंडर... अशी ती गाडी! तिच्या नशिबात काय लिहिलंय हे तिला तरी कुठं माहीत होतं?

झालं काय, गंगापूरच्या अलीकडं कुणीतरी प्लॉटिंग पाडलेलं. कमान झाली, सरळसोट सिमेंटचा रस्ता झाला, आणि प्लॉट काही खपेनात. मग रविवारी सकाळी हौशी लोक तिथं गाड्या पळवायला लागले. ड्रॅग रेस म्हणतात तिला. वळण नाही, चढ नाही. पाव मैल, म्हणजे आपले चारशे मीटर, नाकासमोर. झेंडा पडला की सूंऽऽऽ! आणि सेकंद मोजायला कोण? कचरू! शंकरपटात बैलजोड्यांचे सेकंद मोजतो तो कचरू, त्याचं ते मशीन घेऊन! सुरुवातीला एक किरण, शेवटी एक किरण. पहिला तुटला की घड्याळ चालू, दुसरा तुटला की बंद. मधून बैल गेला काय अन् मोटार गेली काय, किरणाला त्याचं काय?

हा नुसता बघायला गेला होता हो! तर कुणीतरी म्हणालं, "या की काका, रोजच्या वापरातल्या गाड्यांचा पण गट आहे." काका! त्या एका काकानं घात केला. लावली गाडी. साडेसोळा सेकंद. बरं, वाईट नाही. पण पाठोपाठ जालन्याचा एक जण आला, हीच गाडी, हाच रंग, मागच्या काचेवर हेच 'आईचा आशीर्वाद'... आणि सोळाच्या आत! तुम्हाला सांगतो, बद्रीनं त्या दिवशी घरी येऊन जेवताना भाताकडं असं बघितलं, जसं काही तांदळानं त्याचे सेकंद खाल्ले.

मग रोशन गेटला मजीदभाईच्या गॅरेजचे हेलपाटे सुरू. सायलेन्सर बदलला. हवा ओढायचं नळकांडं बदललं. गाडीच्या कंप्युटरमधली मूळची अक्कल काढून तिथं दुसरी, माजलेली अक्कल भरली. गाडी दोन बोटं खाली बसवली. खाली बसवली म्हणजे काय, तर पुंडलिकनगरच्या प्रत्येक गतिरोधकावर खर्रर्रर्र! मग हा म्हणायचा, "मंजुषा, जरा उतरतेस? वजन कमी झालं की निघेल." ती उतरायची. पर्स खांद्याला, डबा हातात, ही बाई गल्लीतनं चालत पुढं आणि लाखमोलाची गाडी कासवासारखी मागं! एकदा ती नाक्यावर आधी पोचली. मागं वळून म्हणाली, "माझा टाइम किती आला?"

सगळं झाल्यावर मजीदभाई हात पुसत म्हणाला, "बद्रीभाई, एक बात बोलूं? भगाने का सब करारें तुम. रोकने का कुछ नै करारें. ब्रेक के पॅडां पूरे घिस गये. पैले वो डालो."

आणि बद्रीनाथ काय म्हणाला माहीत आहे? हे नीट ऐका. म्हणाला, "मजीदभाई, थांबायचा टाइम कोण मोजतंय?"

मजीदभाईनं चावी त्याच्या हातात ठेवली. आणि पाना घेऊन दुसऱ्या गाडीखाली शिरला. जो माणूस एका नटावर तासभर बोलतो, तो! तेव्हाच कळायला पाहिजे होतं. पण नाही. पॅड पुढच्या महिन्यात, आधी सोळाच्या आत. अर्ध्या सेकंदासाठी!

आणि वजन! स्टेपनी काढली, जॅक काढला, पायपुसणी काढली, सीट गच्चीवर गेली. मागं नुसता उघडा पत्रा. भाजी आणली की बटाटे त्या पत्र्यावरनं गडगडत या दारापासून त्या दारापर्यंत... गड्गड्गड्गड्... पाठीमागं ढग भरून आल्यासारखं वाटायचं. सासूबाई, केसरबाई, चार दिवस राहायला आलेल्या. त्यांना बसस्टँडवर सोडायचं तर हा माणूस त्यांच्याकडं खालून वर बघतो आणि म्हणतो, "आई, तुम्ही रिक्षानं जाता का? आज मी जरा चाचणी घेतोय." केसरबाई म्हणाल्या, "जाते की जावईबापू. पण हे बघा, माणसं उतरवून पळणारी गाडी मी पहिल्यांदाच बघते. त्या गाडीत शेवटी कोण राहतं हो?" काय बोलली म्हातारी!

गल्लीतली कुत्री त्या गाडीखाली झोपायची. सावली, गारवा. ती झोपेनाशी झाली. समोरच्या मोडक्या टेम्पोखाली दाटीवाटीनं झोपतील, पण बद्रीच्या गाडीखाली एक कुत्रं नाही. मंजुषानं दाखवलं त्याला. तर म्हणतो, "सायलेन्सर तापतो गं!" असेल. तापतही असेल.

आता तुम्ही म्हणाल, घरात कुणी मोठं माणूस नव्हतं का कान धरायला? होतं ना! तात्यासाहेब! बद्रीचे वडील, गंगापूरकडं ऊस, कपाशी. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी लेकाकडं आलेले. ऑपरेशन झालं, डोळ्यांना काळा चष्मा, धुळीत जायचं नाही, दर दोन तासांनी थेंब. मंजुषाला वाटलं, आता मामंजीच याला सरळ करतील. तिनं सगळं सांगितलं, सीट, ब्रेक, कुत्री, सगळं. तात्यासाहेब ऐकत होते, ऐकत होते... आणि बद्रीकडं वळून त्यांनी विचारलं काय? "किती म्हनला? साडेसोळा?"

"व्हय."

"अन् जालन्यावाल्याचं?"

"सोळाच्या आत."

"आरं मग बसलास काय?"

घ्या! अहो, हा माणूस जवानीत शंकरपटाचा शौकीन! सरज्या नावाच्या बैलासाठी स्वतःच्या लग्नात उशिरा पोचलेला! मंजुषा म्हणाली, "मामंजी, ब्रेक खराब आहेत." तर म्हणाले, "सूनबाई, पटाच्या बैलाला कुठं ब्रेक ऱ्हातो? शेवटाला घरचा मानूस हात पसरून हुबा ऱ्हायला की मालकाला बघून बैल आपसूक थांबतं. जनावराला लई कळतं."

जनावराला कळतं. हे वाक्य मंजुषाच्या डोक्यातनं काही केल्या जाईना, असं ती नंतर म्हणाली.

आला रविवार. तात्यासाहेब ऐकेनात, मी येणारच. त्यांना एकटं सोडायचं नाही म्हणून मंजुषाही निघाली. तीन माणसं आणि सीट नाही! म्हातारा पुढं, आणि मंजुषा मागं, पत्र्यावर, सतरंजी घालून! ऊन वर यायच्या आधीच तापायला लागलं होतं. वारा पडलेला. कपाशीचं पानसुद्धा हलेना.

तिथं गेल्यावर मंजुषानं सासऱ्यांना शेवटच्या किरणाजवळ, रस्त्याच्या कडेला, बाभळीखाली खुर्ची टाकून बसवलं. सुरुवातीला गर्दी, धूर, आवाज, इथं निवांत. किरणाच्या पुढं थांबायला म्हणून थोडा रस्ता, किरणाच्या अलीकडं डाव्या अंगाला मुरमाचा ढीग, त्याच्या पलीकडं कपाशी.

पहिली फेरी, सोळा नि वर थोडं. दुसरी, सोळा! नुसते सोळा! काठावर! आणि दुसऱ्या फेरीला थांबताना बद्रीला वास आला. जळका. पायाखाली ब्रेक जरा मऊ लागला, भिजलेल्या भाकरीसारखा. हे त्यानं कुणाला सांगितलं? कुणालाच नाही. त्याच पावली गाडी वळवली आणि परत रेषेवर. कचरू ओरडला, "बद्रीभाऊ, गार होऊ द्या जरा!" हा काच खाली करून म्हणतो, "आत्ताच! इंजिन तयार झालंय!" हेल्मेट घातलं. पट्टा लावला... पट्टा लावला हो, तेवढी एक सवय त्याच्या अंगातनं गेली नव्हती!

झेंडा पडला.

त्याच क्षणी तिकडं मंजुषा थेंबाची बाटली काढायला पर्समध्ये वाकली. वर बघते, तर खुर्ची रिकामी.

तात्यासाहेब निघालेले! पांढरं धोतर, पांढरी टोपी, काळा चष्मा. डुलत डुलत रस्त्याच्या मधोमध. आणि जाताना... जाताना त्यांनी किरण तोडला! इकडं कचरूचं घड्याळ बंद! आकडा किती? सात! "सात सेकंद!" कचरू किंचाळला. अहो, पोरं नाचायला लागली! टोप्या उडाल्या! बद्रीभाऊ झिंदाबाद! कुणी बघेचना की बद्रीभाऊ अजून अर्ध्या रस्त्यात आहे! मंजुषा तिकडं ओरडतेय, "मामंजीऽऽ!" आणि इकडं हे नाचतायत!

आणि बद्रीला काय दिसलं? उन्हाच्या झळा लागल्यात, रस्त्याच्या टोकाला काहीतरी पांढरं हलतंय. त्याला आधी वाटलं, कागद. मग वाटलं, गाय. मग त्या पांढऱ्यानं दोन हात पसरले.

बद्रीनं ब्रेकवर पाय दिला. पाय आत गेला. आणखी आत गेला. आणि आत काहीच नव्हतं. तो मला म्हणाला, "जिन्याची शेवटची पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि ती नसावी... तसं." एकदा, दोनदा, तीनदा हाणला पाय. समोर बाप. हात पसरून. हसतोय! हाक मारतोय, "हो... हो... हो..." बैलाला मारतात तशी!

आणि तुम्हाला सांगतो, त्या क्षणी ती गाडी नुसती गाडी होती. तिला मालक कळत नव्हता.

बद्रीनं हँडब्रेक ओढला आणि स्टिअरिंग डावीकडं तोडलं. गाडी आडवी झाली, किंचाळली, मुरमाच्या ढिगावर चढली, आभाळाकडं तोंड केलं आणि कपाशीत जाऊन कुशीवर पडली. मग धूळ. नुसती धूळ. आणि शांतता, अशी शांतता की एक चाक हवेत फिरत होतं त्याचा आवाज येत होता.

धूळ जरा बसली. तात्यासाहेब तिथंच उभे. हात तसेच पसरलेले. त्या चष्म्यातनं, त्या धुरळ्यातनं त्यांना काही दिसलंच नव्हतं. मान इकडं वळवतायत, तिकडं वळवतायत. हळूच म्हणाले, "बद्री... आला का रं?"

ते चाक तेवढं फिरत होतं.

"बद्री?"

मंजुषा पोचली तेव्हा म्हाताऱ्याचे हात खाली आलेले, आणि तो पायानं रस्ता चाचपत होता. कपाशीतनं आवाज आला, "तात्या... आलो." तेवढं ऐकलं आणि म्हातारा रस्त्यावरच बसला. डोळ्यांतनं पाणी काढायचं नाही असं डॉक्टरांनी सांगितलेलं. कसलं डॉक्टरांचं ऐकतो तो!

खांद्याजवळचं हाड मोडलं, तीन फासळ्यांना मार. वाचला. पट्टा होता म्हणून वाचला. पोरांनी गाडीतनं ओढून काढला, तर कचरू धावत आला, आणि त्या भल्या माणसाला काय बोलावं सुचेना, म्हणाला, "बद्रीभाऊ, सात आला, पण तो तात्यासाहेबांचा आहे." खरा आकडा? नाहीच! गाडी किरणापर्यंत पोचलीच नाही! इतकं सगळं, आणि तो आकडा या जगात कुठंच नाही. अर्ध्या सेकंदासाठी!

महिने गेले. मजीदभाईनं एकही टोमणा न मारता गाडी उभी केली. ब्रेक नवे. खाली बसवलेली गाडी परत उंचीवर आली, गच्चीवरची सीट खाली आली. चावी मात्र मंजुषाकडं. आता ती चालवते. किती जोरात? अहो, जालना रोडवर परवा एक नारळाचा हातगाडीवाला घंटी वाजवून पुढं गेला! आणि बद्री शेजारी बसतो, पट्टा लावून. समोर लांबवर कुणी पांढऱ्या कपड्यातलं रस्ता ओलांडताना दिसलं, की याचा उजवा पाय दणकन खाली. तिकडं काय आहे? नुसता पत्रा! दोन मॅट फाटली हो! परवा न राहवून मी मंजुषाला म्हणालो, "वहिनी, समजवा की त्याला. तिथं ब्रेक नाहीये."

ती म्हणाली, "कशाला भावजी? दाबू द्या. तो दाबतो तेव्हाच मी पण दाबते. त्याला वाटतं, आपणच थांबवली."